वाळवंटातले शेजारी : साप, नारू आणि टोळ

१/
२०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर या भागांत टोळांचे थवे उतरले. टाळेबंदीमुळे घरी बसलेल्या कित्येकांसाठी ‘टोळधाड’ हा शब्द तोवर केवळ वाक्प्रचार होता. हे थवे आले होते थरच्या वाळवंटाकडून. विदर्भासाठी टोळ हा चार दिवसांचा पाहुणा होता. थरमधील माणसासाठी तो पिढ्यानपिढ्यांचा शेजारी आहे. अशा जीवघेण्या शेजाऱ्यांसह तेथील माणूस कसा राहिला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
या धाग्यात आपण तीन जीवांची गोष्ट पाहणार आहोत. पहिला साप, जो रात्री अंथरुणापाशी येतो. दुसरा नारू, जो पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरतो. तिसरा टोळ, जो पावसामागोमाग येतो. तिघांचे स्वरूप अगदी भिन्न आहे. तरीही तिघांच्या इतिहासातून एकच गोष्ट पुढे येते : वाळवंटात जीवन ज्या वाटेने येते, त्याच वाटेने संकटही येते. त्यामुळे ती वाट बंद करून टाकण्याची सोय तेथील माणसाला कधीच नव्हती.

३/
आधी भूगोल. थरचा मोठा भाग पश्चिम राजस्थानात आहे. उरलेला गुजरात, पंजाब, हरियाणा आणि सीमेपलीकडे सिंध व पाकिस्तानी पंजाबात पसरला आहे. जैसलमेरसारख्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो, तोही प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबर या काळात. इतके असूनही जगातील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते. म्हणजे हा निर्मनुष्य प्रदेश नव्हे. येथे गावे आहेत, शेती आहे, गुरे आहेत.

४/
पाणी, सावली आणि गारवा यांची ठिकाणे मोजकी असली की सर्व जीव तेथेच गोळा होतात. धान्याच्या कणग्यांकडे उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. तळ्यावर माणूस येतो, गुरे येतात, आणि त्याच पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीवही वाढतात. घनदाट जंगलात माणसाचे आणि श्वापदांचे प्रदेश वेगळे असू शकतात. वाळवंटात ते एकमेकांवर पडलेले असतात.

५/
हे संकट राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हते, असे नाही. संस्कृत परंपरेत शेतीवरच्या सहा आपत्तींना ‘ईति’ म्हणतात. त्यांत अतिवृष्टी आणि अनावृष्टी यांच्या जोडीला उंदीर, टोळ आणि पोपट आहेत. सहावी ईति म्हणजे शेजारचा राजा! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात दैवी आपत्तींची यादी येते. आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्या बरोबरीने तेथे उंदीर, हिंस्र पशू आणि साप यांचा उल्लेख आहे. उंदरांवर उपाय म्हणून मांजरे व मुंगसे सोडावीत, असेही त्यात सांगितले आहे.

६/
आता पहिला शेजारी : साप.
थरमध्ये माणसाला सर्वाधिक भय दोन सापांचे. एक फुरसे, ज्याला तिकडे ‘बांडी’ म्हणतात. दुसरी मण्यार. फुरसे आपल्याकडे कोकणातही आहे. परंतु थरमधील फुरसे हे वेगळ्या उपजातीचे असून आकाराने बरेच मोठे होते. डिवचले की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि करवतीसारख्या खवल्यांतून सळसळ असा इशारा देते. मण्यार इशारा देत नाही.

७/
मण्यारीभोवती थरमध्ये एक विलक्षण समजूत आहे. तिकडे लोक ‘पीवणा’ नावाच्या सापाविषयी बोलतात. पीवणा म्हणजे पिणारा. तो म्हणे रात्री झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो, त्याचा श्वास पिऊन घेतो आणि पहाटेपूर्वी निघून जातो. तो दंश करीत नाही, म्हणून अंगावर जखम दिसत नाही. सकाळी माणूस श्वास कोंडून मेलेला आढळतो. ही समजूत ऐकून हसू येईल. पण जरा थांबा.

८/
मण्यारीचे दात अतिशय लहान असतात. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे विष मज्जासंस्थेवर काम करते : आधी पापण्या जड होतात, मग गिळणे अवघड होते, शेवटी श्वास थांबतो. म्हणजे लोकांनी पाहिलेली प्रत्येक गोष्ट खरी होती : रात्र, झोप, जखमेचा अभाव आणि कोंडलेला श्वास. निरीक्षण अचूक होते. चुकले होते ते केवळ त्यामागचे कारण.

९/
चुकलेल्या कारणाची किंमत मात्र मोठी होती. ‘साप चावलाच नाही’ असे घरच्यांना वाटले की उपचाराला उशीर होतो, आणि मण्यारीच्या बाबतीत प्रत्येक तास मोलाचा असतो. उलट अचूक निरीक्षणाचा लाभही होताच. धोका जमिनीवर झोपणाऱ्याला आहे, हे एकदा ओळखले की बाजेवर झोपण्याची साधी सवय जीव वाचवते. सर्पदंश टाळण्यासाठी आजचे वैद्यकही हेच सांगते : खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचून घ्या, रात्री दिवा घेऊन चाला.

१०/
सापाच्या भयाने थरला त्याचे लोकदेवही दिले. गोगाजी हे चौहान कुळातील वीर; त्यांचे जन्मस्थान चुरू जिल्ह्यातील ददरेवा, तर समाधी हनुमानगड जिल्ह्यातील गोगामेडी येथे आहे. मुसलमान भाविक त्यांना जाहर पीर म्हणून पूजतात. त्यांची ठाणी बहुधा खेजडीच्या, म्हणजे शमीच्या झाडाखाली असतात. नागौरकडचे तेजाजी हेही सर्पदंशापासून राखणारे दैवत. सापाला दिलेले वचन पाळण्यासाठी ते परत आले आणि दंशासाठी त्यांनी आपली जीभ पुढे केली, अशी त्यांची कथा आहे.

११/
तेजाजींची ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर समाजाचे मन म्हणून वाचावी. तिच्यात सापाला ठार मारण्याचा पराक्रम नाही. सापाशी करार आहे आणि तो पाळणारा माणूस वीर ठरला आहे. अर्थात करार पाळणारे दैवत विष उतरवू शकत नाही. देवाच्या ठाण्यावर वेळ गेल्यामुळे कित्येकांचे प्राण गेले असतील, हेही तितकेच खरे. श्रद्धेने सापाविषयीचा विवेक शिकवला. औषध ती देऊ शकली नाही.

१२/
श्रद्धेखेरीज एक व्यवसायही होता. कालबेलिया ही फिरस्ती जमात घरात शिरलेला साप पकडून नेण्यासाठी बोलावली जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगण्यावर बंधने आली आणि त्यांचा पारंपरिक व्यवसाय संपत गेला. २०१० साली युनेस्कोने कालबेलियांची गाणी व नृत्य यांना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नृत्याला मान्यता मिळाली. सापांविषयीची त्यांची जाण मात्र बरीचशी निरुपयोगी ठरली.

१३/
आता करार न करता साप संपवण्याचा प्रयत्न केला तर काय होते? त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरसे मारणाऱ्यास बक्षीस लावले. १८६२ च्या एका मोहिमेत अवघ्या काही दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. आकडा डोळे विस्फारणारा आहे. परंतु कोकणातले फुरसे संपले का? आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही ते कातळावर आणि गवतात आहेच.

१४/
खरा उपाय आला तो प्रतिसर्पविषाच्या रूपाने. १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर रक्तद्रव तयार केला. पुढे विसाव्या शतकात मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकत्र चालणारे औषध बनू लागले. सापाला संपवण्याची गरज उरली नाही. त्याचे विष घोड्याच्या शरीरात टोचून त्यातूनच उतारा मिळू लागला.

१५/
येथेच थरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भारतातील प्रतिसर्पविषासाठी लागणारे बहुतांश विष तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. तिची स्थापना १९७८ ची. परंतु सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. थरमधील सिंधी मण्यार त्या चार सापांत नाहीच. २०१९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले की तिचे विष नागाच्या विषापेक्षा ४० पटींहून अधिक जहाल आहे आणि बाजारातील औषधे त्यावर पुरेशी प्रभावी नाहीत.

१६/
हा केवळ विज्ञानाचा तपशील नव्हे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० मधील एका मोठ्या अभ्यासाने मांडला. ज्या आठ राज्यांत हे मृत्यू एकवटलेले आहेत, त्यांत राजस्थान आहे. बांडी आणि पीवणा यांना थरच्या लोकांनी वेगळी नावे दिली होती. औषधाच्या कुपीने मात्र तो स्थानिक भेद अजून पुरता ओळखलेला नाही.

१७/
दुसरा शेजारी : नारू.
आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द ऐकलाही नसेल. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. नारू हा सुताएवढा बारीक आणि सुमारे मीटरभर लांब होणारा कृमी. आयुर्वेदीय ग्रंथांत त्याला ‘स्नायुक’ म्हटले आहे. तो माणसाच्या त्वचेखाली वाढतो आणि बहुधा पायातून बाहेर पडतो. महाराष्ट्रातही तो होता; पण थरमध्ये त्याने सर्वांत शेवटपर्यंत ठाण मांडले.

१८/
त्याचे जीवनचक्र समजून घेतले की वाळवंटाचा पेच लख्ख दिसतो. नारूची पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात जातात. ते पाणी माणूस पितो. सुमारे वर्षभराने पायावर आग होणारा फोड येतो. आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो. त्याच क्षणी फोड फुटून नारूची मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडते. तेच पाणी पुन्हा सारे गाव पिते.

१९/
म्हणजे नारूला दोन गोष्टी हव्यात : माणसाने पाण्यात उतरणे आणि तेच पाणी पिणे. थरच्या पाणवठ्यांकडे या दृष्टीने पाहा. ‘टांका’ हे घराच्या अंगणातले झाकलेले भूमिगत टाके. त्यात कोणी उतरत नाही, पाणी दोराने शेंदले जाते. ‘नाडी’ म्हणजे गावतळे आणि ‘बावडी’ म्हणजे पायऱ्यांची विहीर; या दोन्हींत माणूस पाण्यापर्यंत चालत जातो. आपण ज्यांच्या स्थापत्याचे कौतुक करतो, त्या सुंदर पायऱ्याच नारूची वाट ठरल्या.

२०/
नारूवर औषध नव्हते, आजही नाही. लसही नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. उपाय एकच : बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे ओढत काही आठवडे वाट पाहायची. मध्येच तुटला तर जखम चिघळते. नारू बाहेर पडण्याचा काळ अनेकदा शेतीच्या हंगामाशी जुळे. घरातला कर्ता माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळला, की त्या वर्षीचे धान्यही हातचे जाई.

२१/
१८७० मध्ये रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी मध्य आशियात काम करताना नारूची पिल्ले सायक्लॉप्समध्ये वाढतात, हे दाखवले. रोगाची कडी कोठे तोडायची, ते यामुळे कळले. सायक्लॉप्स अतिसूक्ष्म नाही. घट्ट विणीच्या कापडातून पाणी गाळले तर तो मागे राहतो. ज्या रोगाला औषध नाही, त्याला साधे फडके थांबवू शकते, असा या शोधाचा अर्थ होता.

२२/
येथे थरच्या इतिहासातील एक जुना धागा आठवतो. जांभोजी (१४५१–१५३६) यांनी १४८५ मध्ये बिष्णोई पंथ स्थापन केला. त्याच्या २९ नियमांत हिरवे झाड न तोडण्याचा नियम प्रसिद्ध आहे. त्याच यादीत पाणी गाळून प्यावे आणि सरपण झाडून-पाहून घ्यावे, असाही नियम आहे. हेतू होता सूक्ष्म जीवांची हत्या टाळण्याचा. परंतु जे फडके पाण्यातल्या जीवाला वाचवते, तेच पिणाऱ्यालाही वाचवते. आणि झाडून घेतलेल्या सरपणात विंचू राहत नाही.

२३/
जांभोजींना नारूचे जीवनचक्र ठाऊक होते, असा दावा करणे चुकीचे ठरेल. तसे ते नव्हते. मुद्दा वेगळा आहे. दयेपोटी लागलेली एखादी सवय शतकानुशतके टिकते आणि विज्ञान जेव्हा तीच गोष्ट सांगू लागते, तेव्हा ती समाजाला परकी वाटत नाही. १९८३-८४ मध्ये भारत सरकारने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण आढळत होते.

२४/
कार्यक्रमात काय होते? गाळण्याची फडकी वाटणे, पाणवठ्यांत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे औषध टाकणे, हातपंप बसवणे, बावड्यांचे झाकलेल्या विहिरींत रूपांतर करणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे. रुग्ण कमी झाल्यावर सरकारने नारूचा रुग्ण कळवणाऱ्यास रोख बक्षीस जाहीर केले. रत्नागिरीच्या बक्षिसाशी याची तुलना करा. तेथे जीव मारून आणल्याबद्दल पैसे होते. येथे माहिती आणल्याबद्दल.

२५/
भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. औषधाशिवाय, लशीशिवाय, केवळ माणूस आणि पाणी यांच्यातील व्यवहार बदलून एक रोग देशातून नाहीसा झाला. देवी आणि पोलिओच्या विजयाची आठवण आपण काढतो. नारूच्या विजयाची क्वचितच. कदाचित तो गरिबांचा आणि खेड्यांचा रोग होता म्हणून.

२६/
तिसरा शेजारी : टोळ.
वाळवंटी टोळ एरवी एकटा राहणारा, मातकट रंगाचा साधा नाकतोडा असतो. तो धाड होतो ते चांगला पाऊस झाल्यावर. मादीला अंडी घालण्यासाठी ओलसर वाळू लागते आणि पिल्लांना हिरवा चारा. म्हणजे ज्या पावसाची थरचा शेतकरी वर्षभर वाट पाहतो, तोच पाऊस टोळांचाही मुहूर्त असतो. दुष्काळात टोळांची वाढ होत नाही. सुगीची आशा निर्माण झाली, की त्यांचीही पैदास होते.

२७/
एकटा टोळ आणि थव्यातला टोळ दिसायला व वागायला इतके भिन्न असतात की पूर्वी अशा रूपांना वेगळ्या जाती मानले जाई. १९२१ मध्ये कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी एका टोळजातीच्या अभ्यासावरून दाखवले की ती एकाच जातीची दोन रूपे आहेत. पुढे हेच वाळवंटी टोळालाही लागू पडले. गर्दी वाढली, मागचे पाय सतत एकमेकांना घासू लागले, की काही तासांतच टोळाचे वर्तन पालटू लागते. एकलकोंडा कीटक फौजेचा शिपाई होतो.

२८/
ही फौज केवढी? एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. एवढा थवा दिवसाला सुमारे ३५,००० माणसांच्या अन्नाइतकी हिरवळ फस्त करतो आणि वाऱ्याबरोबर दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. १९२६ ते १९३१ या काळातील टोळधाडीत भारतात त्या काळच्या हिशेबाने सुमारे १० कोटी रुपयांचे पीक गेले, अशी सरकारी नोंद आहे.

२९/
थरमधील शेतकऱ्याकडे दोन जुने उपाय होते. पंख न फुटलेल्या पिल्लांना तिकडे ‘फाका’ म्हणतात. ती जमिनीवरून रांगेने सरकतात, तेव्हा त्यांच्या वाटेत चर खणून त्यांना त्यात लोटायचे आणि माती टाकायची. हा उपाय खरोखर परिणामकारक होता. उडता थवा आला तर मात्र थाळ्या, ढोल आणि धूर यांखेरीज हाती काही नसे. आवाजाने थवा उठतो. पण तो जातो कुठे? शेजारच्या शेतात.

३०/
टोळांच्या इतिहासाची गाठ येथे आहे. थाळी वाजवून माझे शेत वाचते. गावाचे वाचत नाही. गावाने हुसकावले तर पुढचे गाव उजाड होते. टोळांची वीण इराण, बलुचिस्तान, अरबस्तान आणि थर अशा विस्तीर्ण पट्ट्यात ऋतूनुसार फिरत असते. तेव्हा यावरचा उपाय शेताच्या, संस्थानाच्या किंवा देशाच्या हद्दीत मावणारा नव्हता. ही जाणीव झाल्यावर १९३९ मध्ये टोळधाड इशारा संघटना स्थापन झाली. तिचे एक केंद्र कराचीत होते.

३१/
आठ वर्षांनी फाळणी झाली आणि थरच्या मधून सीमारेषा गेली. कराची पलीकडे राहिले. भारताच्या बाजूने जोधपूर हे टोळनियंत्रणाचे मुख्य ठाणे झाले. टोळांना अर्थातच ही रेषा ठाऊक नव्हती. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नैऋत्य आशियासाठी एक आयोग नेमला : सदस्य अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत. पुढच्याच वर्षी भारत-पाक युद्ध झाले, १९७१ मध्ये आणखी एक. तरीही आयोग टिकला.

३२/
बाडमेर जिल्ह्यातील मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार ही सीमेवरची दोन समोरासमोरची ठिकाणे. जून ते नोव्हेंबर या टोळांच्या हंगामात दोन्ही देशांचे टोळ-अधिकारी आळीपाळीने येथे भेटत आणि कोठे किती टोळ दिसले, याची माहिती एकमेकांना देत. कौटिल्यानंतरच्या परंपरेने टोळ आणि शेजारचा राजा यांना एकाच यादीत टाकले होते. टोळांना आवरायचे तर त्या शेजाऱ्याशीच बोलावे लागते, हे विसाव्या शतकाने शिकवले.

३३/
ही साखळी एका ठिकाणी तुटली की काय होते, ते २०१८ नंतर दिसले. त्या वर्षी मेकुनू आणि लुबान या चक्रीवादळांनी अरबस्तानातील रुब अल खाली या ओसाड वाळवंटात भरपूर पाऊस पाडला. तेथे टोळांच्या पिढ्या वाढल्या, आणि शेजारच्या येमेनमध्ये युद्धामुळे पाहणी व फवारणी नीट होऊ शकली नाही. मे २०१९ मध्ये टोळ जैसलमेरमध्ये दिसले. त्या हिवाळ्यात बाडमेर, जालोर, जैसलमेर येथील जिरे, इसबगोल, मोहरी यांची मोठी हानी झाली.

३४/
२०२० च्या उन्हाळ्यात टोळ पुन्हा आले, तेव्हा थरमध्ये त्यांना खायला फारसे हिरवे उरले नव्हते. वाऱ्याबरोबर ते जयपूर ओलांडून मध्य प्रदेशात आणि तेथून विदर्भात आले. म्हणून अमरावतीकरांना ते दिसले. त्या वर्षी ड्रोनही वापरले गेले. पण मूळ तंत्र जुन्या निरीक्षणावरच आधारलेले होते. टोळ रात्री झाडाझुडपांवर बसतात आणि ऊन चढेपर्यंत उडत नाहीत. त्यामुळे फवारणी रात्री व पहाटे होते.

३५/
आता शेवटचा प्रश्न. वाळवंटाला मुबलक पाणी मिळाले तर या साऱ्यातून सुटका होईल का? १९५८ मध्ये राजस्थान कालव्याचे, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे काम सुरू झाले. सतलज-बियासचे पाणी सुमारे ६५० किलोमीटर वाळवंटात आणणारा हा प्रकल्प. त्याने ओसाड जमिनीत गहू, मोहरी आणि कापूस पिकवला, तहानलेल्या गावांना पाणी दिले. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

३६/
पण पाण्याबरोबर डासही आले. कालव्याची झिरप, शेतातली साचलेली डबकी आणि बाहेरून आलेले मजूर यांमुळे हिवतापाला नवे घर मिळाले. १९९४ मध्ये जोरदार पावसानंतर पश्चिम राजस्थानात हिवतापाची भीषण साथ आली. ज्या प्रदेशात हिवताप हा तोवर प्रामुख्याने पावसाळ्यापुरता आजार होता, तेथे वर्षभर डासांची पैदास होऊ शकेल अशी ठिकाणे तयार झाली होती. नारू गेल्याला अजून दोन वर्षे अवकाश होता. तोवर पाण्याने नवा शेजारी आणून ठेवला.

३७/
या चारही उदाहरणांतून काय हाती लागते? संपवून टाकण्याची भाषा रत्नागिरीत फसली. यश आले ते माणूस आणि तो जीव नेमके कोठे, केव्हा भेटतात, हे शोधून काढल्यावर : बाज आणि जमीन यांमधले अंतर, पाणी आणि ओठ यांमधले फडके, टोळ बसलेला असताना पहाटेची फवारणी. आणि अपयश आले ते स्थानिक तपशील दुर्लक्षिल्यावर. सिंधी मण्यारीच्या दंशावर पुरेसा उतारा नसणे, हे त्याचे आजचे उदाहरण आहे.

३८/
वाळवंटातील लोकज्ञानाची आंधळी भलामण करण्याचे कारण नाही. पीवण्याच्या समजुतीने माणसे दगावली आहेत. त्याला अडाणी म्हणून झटकण्याचेही कारण नाही. त्याच समजुतीत मण्यारीच्या दंशाचे अचूक वर्णन दडलेले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा समजुतींकडे पाहताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : या लोकांनी काय पाहिले? आणि त्याचा अर्थ काय लावला? पहिल्याचे उत्तर बहुधा आपल्या अपेक्षेपेक्षा चांगले निघते.

३९/
धागा येथे संपतो. आपापल्या भागात फुरशाला, मण्यारीला, टोळाला काय म्हणतात? घरातील वडीलधाऱ्यांनी नारू पाहिला आहे का, तो काडीला गुंडाळून काढल्याची आठवण कोणी सांगते का? विचारून पाहा आणि खाली अवश्य लिहा. नारू पाहिलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी वेळेवर नोंदवून ठेवल्या पाहिजेत. #इतिहास #थर